सातबाऱ्यावर नसलेलं नाव

राजापूर तालुक्यातल्या एका आतल्या गावात मी चार वर्षं बायकांचा वर्ग चालवला. दुपारची भांडी आवरली की दहा-बाराजणी देवळात जमायच्या. बहुतेकींचे नवरे मुंबईला. गावावरचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, कुठलीशी कंपनी विकत घेतेय अशी कुणकुण होती, म्हणून आमच्या संघटनेनं ठरवलं की बाराखडीनंतर बायकांना सातबारा वाचायला शिकवायचा. कागद वाचता आला की कुणी फसवणार नाही, असं मी त्यांना सांगायचे. मला ते खरंच वाटायचं.

सगळ्यांत आधी वाचू लागली ती साठीची एक काकी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सड्याच्या कडेला काजूची बाग होती, तिथं एकटी राबायची. एक दिवस ती बागेचा उतारा घेऊन वर्गात आली. बोट ठेवून, अक्षर जुळवत खालपर्यंत गेली, परत वर आली. मुंबईच्या दिराचं नाव तिनं नीट वाचलं.

"बाय, माजा नाव कुठाय?" तिनं विचारलं.

आम्ही जुने कागद काढले. नवऱ्याच्या तेराव्यानंतर दिरानं तिला रत्नागिरीला नेऊन अंगठा घेतला होता. पेन्शनचं काम आहे म्हणाला होता. ते हक्कसोडपत्र होतं. आता त्यानं बाग कंपनीला देऊन टाकली होती.

मी तिला वकिलाकडे नेलं. त्यानं कागद पाहून सांगितलं, दावा लावता येईल, पण वर्षानुवर्षं चालेल, आणि फसवल्याचा पुरावा काय? दिराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, कोर्टात गेली नाही तर मरेपर्यंत घरात राहू दे.

ती कोर्टात गेली नाही.

पुढच्या आठवड्यात वर्गाला तिघीच आल्या. एकीच्या घरी गेले तर तिनं सांगितलं, उतारा ट्रंकेत आहे, पण तो वाचायचा नाही. घरात भांडण नको. तिथून काकीकडे गेले, ती घराच्या पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले.

"वाचता येत नव्हता तवा बाग माजी होती," ती म्हणाली.

मी तिच्या सुपातले खडे वेचू लागले. पावसाळ्याआधी बागेला तारेचं कुंपण पडलं आणि झाडं तोडली गेली. संघटनेनं मला दापोलीकडे नवा वर्ग सुरू करायला सांगितलं. मी नाही म्हणाले. कारण विचारलं, तेव्हा तब्येतीचं सांगितलं.