पहिली बसणारी

जूनमधल्या एका मंगळवारी लिमयेकाकू शाळेत आल्या नाहीत. साडेसातला त्यांच्या मुलाचा फोन आला. काकू रात्री झोपेतच वारल्या होत्या.

मी इथे ऑस्ट्रेलियात, टूनगॅबीतल्या एका प्राथमिक शाळेची लायब्ररी सांभाळते. फोन आला तेव्हा माझ्या हातात केळ्यांची पिशवी होती. आदल्या दिवशी निघताना काकूंनी बजावलं होतं, "उद्या केळी आण. आणि मागच्यासारखी हिरवी नकोत." मला आधी रडू आलं नाही, राग आला. केळी आणायला सांगायची आणि स्वतः यायचं नाही! त्यांच्यावर वैतागायची मला सवयच झाली होती.

काकूंनी नाशिकला पोस्टात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर त्या मुलाकडे इथे आल्या. आमच्या लायब्ररीच्या व्हरांड्यात शाळा सुरू होण्याआधी मुलांना टोस्ट, दूध आणि फळं देतात, तिथे मदत करायला मीच त्यांना बोलावलं. पहिल्याच दिवशी त्या माझ्यावर कडाडल्या, "उभ्याउभ्या खातायत? गुरं आहेत का गं ही?" मग त्यांनी बाकं ओढून एक रांग केली, मुलांना बसवलं आणि एका टोकापासून वाढायला सुरुवात केली. घरचं काही आणायची परवानगी नाही, शेंगदाण्याला तर पूर्ण बंदी. याचा त्यांना कायमचा संताप. पण टोस्टसुद्धा त्या जिलबीसारखा वाढायच्या. "घे रे, माझ्यासाठी अर्धा." मूल म्हणायचं, "नो थँक्स, आय एम गुड." "गुड आहेस ते दिसतंय. घे." मराठी कोणाला कळत नसे, आग्रह सगळ्यांना कळायचा.

आमच्या मराठी मंडळींत मात्र त्यांनी चांगलीच खळबळ उडवली. गणपतीच्या मीटिंगमध्ये गावाकडच्या एका शाळेसाठी वर्गणी काढायचं चाललं होतं. काकू म्हणाल्या, "काढा की. पण इथल्या पोरांचं काय?"

"काकू, हे ऑस्ट्रेलिया आहे," एक जण हसून म्हणाला. "इथे कोण उपाशी राहतं? सरकार पैसे देतं."

"सगळ्यांना देतं? विचारलंस कधी कोणाला?"

"आपल्यात तरी असं कोणी नाही."

"आपल्यात कोणी सांगत नाही," काकू म्हणाल्या आणि चहा न घेता उठल्या. त्यांना घरी सोडायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. गाडीत त्या वेंटवर्थव्हिलला त्यांचं घर येईपर्यंत भांडत होत्या, माझ्याशी, जणू मीच ते बोलले होते.

त्या कोणाबद्दल बोलत होत्या ते मला माहीत होतं. माझ्या इराच्या वर्गात, चौथीत, तन्वी आहे. तिच्या बाबांची नोकरी गेली होती. व्हिसा तात्पुरता, त्यामुळे सरकारी मदत नाही, आणि आई ओळखीत कोणाला काही बोलत नव्हती. तन्वीचं सकाळचं खाणं आमच्या बाकावर व्हायचं. रोज इतक्या मुलांमध्ये बसायची, त्यामुळे तिच्याकडे कोणी वेगळं पाहत नव्हतं.

मग नव्या मुख्याध्यापिका आल्या. घरून खाऊन आलेली मुलंही टोस्ट खातात हे त्यांना पटेना. त्यांनी व्हरांड्यात पाटी लावली: 'ज्या मुलांना गरज आहे त्यांच्यासाठी'. हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी बाकं रिकामी. तन्वी बास्केटबॉलच्या खांबाशी उभी होती. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "आय ऑलरेडी एट, मेधा आंटी."

"खाऊन आलेलं पोर टोस्टरकडे असं बघत नाही," काकू म्हणाल्या. "ताटावर बसवताना तुला भूक आहे का, असं विचारतात का कुठे? आता कोण बसेल? मेधा, उद्यापासून इराला घरी काही देऊ नकोस."

"काकू, माझी मुलगी काय आमिष आहे?"

"आमिष कसलं? पंगतीत आधी कोणी बसत नाही. सगळे भिंतीला टेकून 'तुम्ही बसा, तुम्ही बसा' करतात. पहिली बसणारी लागते."

मी रात्रभर धुसफुसले. सकाळी इराला तशीच नेली. "मम, आय एम स्टार्व्हिंग," ती कारमध्ये कुरकुरत होती, आणि पोचल्याबरोबर बाकावर जाऊन बसली. तिच्या शेजारी तन्वी येऊन बसली. मग बाकीचे. काकूंनी अंगातला स्वेटर काढून त्या पाटीवर टांगला आणि वाढायला घेतलं. मुख्याध्यापिका आल्या. स्वेटरकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्यापुढेही बशी धरली.

"ओह, आय हॅव ईटन."

"सो?" काकू म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी टोस्ट घेतला नाही. पण स्वेटरही काढला नाही. रोज निघताना काकू म्हणायच्या, "राहू दे तो तिथेच." आणि थंडीत नुसत्या साडीत घरी जायच्या. मी ओरडायचे, त्या ऐकायच्या नाहीत.

त्या मंगळवारी इरा तापाने घरी होती. मी टोस्ट केले, केळी मांडली आणि वाट पाहत राहिले. मुलं अंगणात घोळक्याने उभी होती. तन्वी खांबाशी. मला हाका मारणं जमत नाही, आग्रह तर नाहीच. शेवटी मी एक बशी घेतली, बाकाच्या टोकाला बसले आणि केळं सोललं. खायला लागले. थोड्या वेळाने तन्वी आली, शेजारी बसली आणि बशी पुढे केली.

"व्हेअर्स काकू?" तिने विचारलं.

मी तिला सांगितलं.

तन्वीच्या बाबांना अजून काम नाही. पाटी अजून तिथेच आहे आणि तिच्यावर काकूंचा स्वेटर आहे. मी आता घरी न्याहारी करत नाही.