हळदीच्या फायली

बाईसाहेब आधी गाडीशी बोलायच्या, मग मालकाशी आणि सगळ्यात शेवटी कागदांशी. साठी उलटलेली, पदर कमरेला खोचलेली ही बाई गॅरेजच्या तेलकट फरशीवर वर्तमानपत्र पसरायची, त्यावर सरळ उताणी व्हायची आणि बंपरखाली डोकं सारायची. मग खालून आवाज यायचा, "अगं बाई, बराच मार बसलाय गं तुला! कुणी मारलं?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, यांचं वय झालं. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि गाडी कुठल्या बाजूने, साधारण किती वेगात, कशावर आदळली ते त्यांनी मला सांगून टाकलं. मालकाने तोवर तोंडही उघडलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या वयाचा विचार करणं सोडून दिलं.

त्या विम्याच्या सर्वेअर होत्या. गाडीला अपघात झाला आणि मालकाने क्लेम टाकला की कंपनी ज्यांना गाडी बघायला पाठवते त्या. मी इंदूरच्या विजय नगरातल्या एका काचेच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर होते. फायली माझ्याकडे यायच्या, गाड्या त्यांच्याकडे जायच्या. 'बाईसाहेब' हे नाव मल्हारगंजच्या मिस्त्री लोकांनी दिलेलं. त्या गल्लीत त्यांची स्कूटर वळली की आतून आरोळी यायची, "बाईसाब आ गईं भिया, अब हाथ मत लगाना!" आणि सगळे पाने जागच्या जागी खाली ठेवले जायचे. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या पागेत घोडे पारखायला होते, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! "आमच्या घरात दात बघून घोड्याची उमर सांगायचे," त्या म्हणायच्या. "मी पत्रा बघून सांगते. काम तेच आहे ना!"

विमा नुकताच बदललेला किंवा वाढवलेला असायचा आणि लगोलग अपघात व्हायचा, अशा क्लेमांच्या फायलींना आमच्याकडे लाल पट्टी लावत. पंधरा दिवसांच्या आत गाडी ठोकली? मग ती आधीच ठोकलेली असणार आणि विमा मागाहून घेतला असणार, असं आमचं सरळ गणित. बाईसाहेब त्यांना हळदीच्या फायली म्हणायच्या. "नवरीची हळद उतरली नाही, नी सासरचे लोक भांडायला उभे!" असं म्हणून त्या खळखळून हसायच्या. आम्ही सगळे या फायली उघडायच्या आधीच नाक मुरडायचो. त्या मात्र नेहमीसारखंच वर्तमानपत्र पसरायच्या.

म्हणून त्यांना फसवणं सोपं होतं असं कुणी समजू नये. एका कारखानदाराने आठ दिवसांपूर्वी मोठा विमा घेतला होता आणि गाडी परवा ठोकली असं तो छातीठोकपणे सांगत होता. बाईसाहेबांनी फुटलेल्या दिव्याच्या मागे बोट घातलं आणि मला जवळ बोलावलं. आत कुंभारमाशीचं मातीचं घर होतं, खडखडीत वाळलेलं, चांगलं चार खोल्यांचं. "भाईसाब, परसों टूटा ना?" त्यांनी अगदी आदराने विचारलं. "तो इत्ता बड़ा मकान किसने बना लिया? इसके तो बच्चे भी बड़े होके चले गए!" मिस्त्री पोट धरधरून हसले. बाईसाहेबांनी मग त्या गृहस्थाला बाजूला नेऊन चहा पाजला आणि क्लेम मागे घ्यायला लावला. एवढ्यावर सोडायचं होतं का, असं मी नंतर चिडून विचारलं. त्या म्हणाल्या, "शरम वाटली ना त्याला? अजून काय पाहिजे तुला?"

एकदा त्यांनी मलाच धरलं. "तू तुझ्या गाडीचा विमा कधी वाढवलास?" मी म्हटलं, नवऱ्याची बदली झाली आणि गाडी मी चालवायला लागले तेव्हा. "नी ठोकलीस कधी?" त्याच महिन्यात ठोकली होती. "बघ बेटा, लोक उगाच विमा बदलत नाहीत. घरात काहीतरी बदललेलं असतं. पोरगी गाडी शिकायला लागते, कुणाची नोकरी लांब जाते, कुणाला दिसेनासं होतं. ज्याचं भ्या वाटलं म्हणून विमा वाढवला तेच होतं, नी आपण विचारतो, इतक्या लवकर कसं काय झालं!" सात वर्षं त्या टेबलावर बसून मला हे सुचलं नव्हतं.

हे सगळं ऐकून, बघून, शिकूनही मी जे केलं ते आता सांगते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाईसाहेब तीन आठवडे घरी होत्या. त्या काळात मल्हारगंजातल्या एका गुरुजींची फाईल आली. पार सांवेर गावापर्यंतच्या मराठी घरांत पूजा-श्राद्ध सांगणारा साधा माणूस. गुढीपाडव्याला त्यांनी एक जुनी छोटी गाडी घेतली होती, तिला फक्त समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी तो बदलून पूर्ण विमा घेतला, आणि तेराव्या दिवशी गाडी एका ट्रॉलीवर मागून धडकली. विमा बदलताना एजंटाने काढलेले फोटो फायलीत होते, पण समोरून काढलेला फोटो उन्हाने पांढराफटक, पुढचा पत्रा तेव्हा धड होता का ते कळायला मार्ग नव्हता. फाईल बाईसाहेबांच्या नावावर होती. तरी, हल्ली फोनवरच्या फोटोंवर काम भागतं, त्यांना कशाला त्रास, असा विचार करून ती मीच हातात घेतली.

त्यात मी एक हुशारी केली. फॉर्म माणूस कंपनीसाठी भरतो, डायरी स्वतःसाठी लिहितो, म्हणून मी गुरुजींच्या डायरीचं पान मागवलं. त्यात तारीख नव्हती, तिथी होती: 'आश्विन वद्य अष्टमी. सांवेर रस्ता. गाडी आपटली. देवाने राखलं.' मी फोनवरचं पंचांग उघडलं. आश्विन कृष्ण अष्टमी पितृपक्षात निघाली, म्हणजे दसऱ्याच्या दोन आठवडे आधी, विमा बदलण्याच्याही आधी. सापडला चोर! मी स्वतःची पाठ थोपटली आणि पत्र पाठवून दिलं. आमच्या पत्रात कारणं लिहायची रीत नव्हती. 'माहितीत विसंगती आढळल्याने व फसवणुकीचा प्रयत्न दिसल्याने' एवढंच त्यात होतं.

आठवड्याने गुरुजी ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "हे खालच्या बिऱ्हाडात पडलं हो. त्यांनी उघडलं, जिन्यात उभं राहून मोठ्यांदा वाचलं. दोन घरांनी मला बोलावणं बंद केलंय. ताई, मला विमा नको. यातला फसवणूक हा शब्द तेवढा काढा." मी ऑफिसच्या आवाजात म्हटलं, "गुरुजी, तुमच्याच डायरीत लिहिलंय." ते म्हणाले, "माझ्या डायरीत खोटं नाही," आणि निघून गेले. मला त्यांचा थोडा रागच आला होता, हे कबूल करायला हवं.

बाईसाहेब काळा चष्मा लावून परतल्या तेव्हा मी ही सगळी कहाणी त्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवली. त्यांनी एकच विचारलं, "गाडी बघितलीस?"

"फोटो बघितले ना."

"मी गाडीचं पूछलं."

अर्ध्या तासात आम्ही गॅरेजात होतो. "हाथ भी नी लगाया, बाईसाब, वैसी की वैसी खड़ी है," मिस्त्री म्हणाला. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलेलं असताना त्या वर्तमानपत्र पसरून आडव्या झाल्या. मग माझ्यासाठी दुसरं वर्तमानपत्र पसरलं. "ये. झोप इथे." मी ऑफिसच्या कपड्यांत जमिनीवर झोपले. बंपरच्या वर पत्रा आत दुमडला होता आणि त्या घडीतून एक दोरा बाहेर लोंबत होता, त्याला सुकलेला झेंडू आणि एक पान. "ओढ," त्या म्हणाल्या. मी ओढला. दोरा पत्र्यात असा आवळला गेला होता की जराही हलेना.

"पत्रा दबला तेव्हा तोरण तिथंच होतं. कधी बांधलं असेल?"

"दसऱ्याला. पण बाईसाहेब, गाडी पाडव्याला घेतलीय. तेव्हाचंही असू शकतं."

"पान बघ ना नीट. पाडव्याला आपट्याचं पान कोण लावतं?"

गाडी दसऱ्यानंतरच आपटली होती. "मग डायरीतली तिथी?" मी झोपल्या झोपल्याच फोन पुढे केला. त्यांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघितलं. "करवा चौथ कोणत्या महिन्यात येते?"

"कार्तिक."

"नी तुझी आई त्याच दिवशी संकष्टी करते. ती कुठला महिना म्हणते?"

"आश्विन," मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे सगळा उलगडा झाला. इथल्या हिंदी लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला मराठी अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात त्यांचं आणि आपलं महिन्याचं नाव एक नसतं. गुरुजींनी आपल्या मराठी पंचांगाने बरोबर तिथी लिहिली होती, करवा चौथनंतर चार दिवसांची. मी मराठी घरात जन्मलेली, मराठीत भांडणारी, ती हिंदी पंचांगाने वाचली आणि त्यांचा अपघात एक महिना मागे ढकलला. असली चूक करायला इंदूरचंच मराठी माणूस हवं. मला त्या फरशीवरून उठावंसं वाटेना.

क्लेम मंजूर झाला. पण नवं पत्र पोस्टाने पाठवू द्यायला बाईसाहेब तयार नव्हत्या. "जिथं पहिलं वाचलं गेलं तिथंच दुसरं वाचायचं," त्यांनी ठरवून टाकलं. त्या जिन्यात उभं राहून, खालच्या बिऱ्हाडाचं दार उघडं असताना, मी माफीचं पत्र मोठ्यांदा वाचलं. तेव्हा बाईसाहेब हात जोडून गुरुजींना म्हणाल्या, "फाईल माझ्या नावाची होती. चूक माझी आहे." मी मध्ये बोलू लागले तर त्यांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता. आपल्या वाट्याची नसलेली चूक इतक्या सहज अंगावर घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. गुरुजींचे डोळे भरून आले. माझे तर केव्हाच भरले होते.

पुढच्या वर्षी सर्वेअरांना बोलावणं जवळजवळ बंदच झालं. सगळं फोटोंवर चालू लागलं आणि मी त्या विभागाची प्रमुख झाले. त्या हिवाळ्यात माझ्या टेबलावर एक लाल पट्टीची फाईल आली, नाव बाईसाहेबांचं. सूनबाई गाडी शिकत होती म्हणून त्यांनी विमा वाढवला, आणि नवव्या दिवशी तिने गाडी फाटकाच्या खांबावर घातली. मी आनंदाने पाच मिनिटांत सही ठोकली आणि फोन लावला, "बाईसाहेब, झालं तुमचं काम!"

"गाडी बघायला कोण आलं होतं?"

"कुणी नाही. तुमची गाडी काय बघायची?"

मग त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजीला न बघता झूठा ठरवलंस, नी मला न बघता खरी. सांग ना बेटा, तू शिकलीस काय?"

मी म्हटलं, आत्ता येते, गाडीखाली झोपते, हवं तर सगळं पहिल्यापासून करते. "राहू दे. सही झाली तुझी," त्या म्हणाल्या आणि घरातल्यांची, माझ्या आईची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्यानंतर चार महिन्यांत त्या गेल्या, आणि त्यांच्या गाडीखाली झोपायचं माझं राहिलं ते राहिलंच.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लेम मागे घेण्याचा त्यांचा अर्ज आला होता. तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही. मागे घेण्याचं कारण असा एक रकाना त्यात असतो. लोक तो बहुधा कोराच सोडतात. बाईसाहेबांनी त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पाहणी झालेली नाही.