अस्वलाची शाब्बासकी

ऑफिसात तिला सगळे अस्वलाची आई म्हणत. ती चिडत नसे, कारण चिडायला अंगात जोर लागतो आणि तिचा सगळा जोर ते अस्वलच खाऊन टाकत होतं. मुलांसाठी गणिताचे गेम बनवणारी एक कंपनी होती आणि ते गेम बाजारात जाण्याआधी तपासून बघायचं काम हिचं. स्क्रीनवर एक गुबगुबीत अस्वल विचारायचं, अठरा सफरचंदं तीन टोपल्यांत, तर एका टोपलीत किती? बरोबर आकडा दाबला की चिरक्या आवाजात 'शाब्बास' म्हणायचं. दिवसातून चारपाचशे वेळा. गेम कुठे अडकतो, कुठे बंद पडतो, चुकलेल्या उत्तरालाही शाब्बासकी देऊन बसतो का, एवढंच तिनं बघायचं. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा डोकं भणभणत असायचं आणि डोळे मिटले तरी अस्वल काही जायचं नाही.

नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावी, तो महिन्यातून दोनदा उगवायचा. घरात ती आणि आठ वर्षांची लेक. लेकीला ती खारूताई म्हणायची. पुढचे दोन दात मोठे आणि पाय कधी जमिनीवर नाहीत, मग दुसरं काय म्हणणार? शाळेत भागाकार सुरू झाला आणि पोर रडकुंडीला आली, तेव्हा हिनं कामाचा जुना टॅब घरी आणून तिच्या हातात ठेवला. मुलं खेळता खेळता शिकतात, असं तिला मनापासून वाटायचं. वाटत नसतं तर ही नोकरी सहा वर्षं रेटताच आली नसती. आणि खरं सांगायचं तर टॅब हातात आला की खारूताई तासभर एका जागी बसायची आणि हिला आडवं होता यायचं. यावरून तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दमलेलं माणूस आधी पाठ टेकायला जागा शोधतं.

तीन महिन्यांत खारूताई गेमच्या पायऱ्या भराभर चढली. जेवताना ती पायरीचा आकडा सांगायची, आई घास चावता चावता शाब्बास म्हणायची. पोरीनं साठावी, म्हणजे शेवटची पायरी गाठली, तेव्हा आईनं ऑफिसभर सांगत सुटून सगळ्यांना वात आणला.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गाच्या बाईंनी भागाकाराच्या दोन चाचण्या पुढे ठेवल्या. दोन्हींत भोपळा. तिसरीही अशीच गेली, तर गणिताच्या तासाला हिला खालच्या वर्गात बसवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. खारूताई खाली मान घालून बुटाची नाडी ओढत राहिली. आईचं डोकं फिरलं. घरी साठ पायऱ्या चढणारी पोर शाळेत नापास होते, म्हणजे शिकवण्यातच खोट असणार, मी या क्षेत्रातली आहे, मला सांगू नका, असं बरंच काही ती एका दमात बोलून गेली. बाई भांडल्या नाहीत. दिवसभर चाळीस मुलांनी त्यांनाही पिळून काढलं होतं. त्यांनी एका कागदावर 'चोवीस भागिले सहा' एवढंच लिहिलं आणि कागद खारूताईपुढे सरकवला.

खारूताईनं डोळे मिटले. बराच वेळ ओठ हलत राहिले. मग तिनं बाईंकडे बघून विचारलं, "हे कितव्या नंबरचं आहे?"

बाईंना काही उलगडलं नाही. आईला मात्र लगेच उलगडलं. विकायच्या गेममध्ये गणितं दर वेळी उलटीसुलटी होऊन येतात. तपासणीच्या टॅबवर ती रोज त्याच क्रमानं येतात, म्हणजे गेम कुठे बंद पडला ते पुन्हा बघता येतं. ही सोय तिनंच कंपनीकडे हट्टानं मागून घेतली होती. टॅब घरी आणताना ते तिच्या ध्यानातच आलं नाही. चुकत चुकत, एकेक आकडा दाबून बघत पोरीनं साठ पायऱ्यांची सहाशे उत्तरं ओळीनं पाठ केली होती.

घरी येताना गेमवर राग काढावा तर तोही तिला काढता येईना. गणितं बदलत राहिली असती तर एखादं मूल त्यातून शिकलंही असतं, कुणी सांगावं. सहा वर्षांत तिनं गेममधलं सगळं तपासलं होतं, पण मूल शिकतं का, हे बघायला तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

घरात आल्यावर ती पलंगाच्या कडेवर बसली.

"सहाशे उत्तरं पाठ केलीस. त्यापेक्षा मला विचारायचं ना, समजत नाही म्हणून."

"विचारलं होतं."

"कधी?"

"तू झोपली होतीस. मी हलवलं तर म्हणालीस, अस्वल सांगेल."

तिला ते आठवेना, पण आपण तसंच म्हणालो असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की थोडा वेळ लेकीकडे बघवेना. अंग ठणकत होतं. ती उठली आणि लेकीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"आता विचार."

खारूताईनं आधी तिचे डोळे उघडे आहेत ना, ते नीट बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "आई, भागायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं?"