नवरदेवाचं बाशिंग

पंचाहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. लाखांदूरहून सानगडीला येणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी तिशीतला एक माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर रंगीत कागदाचं आणि बांबूच्या काड्यांचं बाशिंग होतं. गर्दी अंगावर आली की तो पाठ वाकवून ते झाकायचा.

"घरी बनवलं?" मी विचारलं.

"बहिनीनं. तिच्या नवरदेवासाठी," तो म्हणाला. "पत्रावळी आमीच शिवल्या, मांडवाचे बांबू आमीच तोडले. बँड तेवढा जमत नोहोता. हे पाहून खुश होतीन म्हून त्यायच्या घरी दाखवाले नेलं."

"मग?"

"नवरदेवाची माय हासली. म्हने, बाहुला-बाहुलीचं लगन हाय का? आमी दुसरी पोरगी पाहून राहिलो, म्हने."

बाशिंगाची एक झिरमिळी सुटली होती. ती तो थुंकी लावून पुन्हा पुन्हा चिकटवत होता. कंडक्टर म्हणाला, "वर ठेवा ते." त्याने ऐकलंच नाही.

मला राहवलं नाही. "आता कशाला एवढं जपता?"

"लगन मोडलं हे त तिले सांगाच लागन जी. बाशिंगही मोडून कसं नेऊ?"

सानगडीला आम्ही दोघेही उतरलो. तिथून त्याचं गाव पायवाटेनं जवळच होतं, पण तो थांब्यावरच्या झाडाखाली बसला.

"घरी नाही जात?"

"दारातच उभी असन थे," तो म्हणाला. "अंधार पडू द्या, मंग जातो."

तेव्हा ऊन डोक्यावर होतं.