बारा इंची की सोळा इंची

आधीच माफी मागतो. कुणाविषयी लिहावं असा माझा अधिकार नाही. आजवर मी परीक्षेतली उत्तरं आणि बसच्या पाससाठीचे अर्ज एवढंच लिहिलं आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे मला सगळं येतं असा घरच्यांचा समज आहे, आणि तो मोडायचं धैर्य मला अजून झालेलं नाही. पण एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळा किनारा पालथा घातलात, तरी माझ्या थोरल्या मामांइतका सावकाश वस्तू निवडणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही.

मामा मिठबावला राहतात. पोस्टातून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचवल्यामुळे असेल, स्वतःच्या कामात त्यांनी वेळेचा विचार कधी केला नाही. चप्पल घ्यायची ठरली की दोन पावसाळे जातात. छत्री घेतली तेव्हा ती त्यांनी दुकानातच अकरा वेळा उघडून मिटली, आणि बाराव्या वेळी ती मिटेना म्हणून दुसरी मागितली. बाजारात ते माशांच्या पाटीसमोर बसले की मासेवाली डोक्याला हात लावते. एकदा माझ्यासमोर तिने सांगितलं, "भाऊ, बेगीन ठरवा. नाय तर ह्यो बांगडो कंटाळान परत दर्यात जायत." मामांनी गंभीरपणे बांगड्याकडे पाहिलं, जणू त्यालाही विचारून घ्यावं.

घरामागच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, त्यांचं सुतारकाम चालतं. सुरुवात पाटापासून झाली आणि पाटावरच थांबली. "घरात माणसां दोन आणि पाट एकवीस," असं मामी येईल-जाईल त्याला सांगते. हसत सांगते, पण तीन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले आणि त्या एकविसांतल्या एकाही पाटावर तिला बसता येईना. चतुर्थीला मुंबईची मुलं-नातवंडं येतात, माजघरात पंगत बसते, आणि मामी स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या स्टुलावर ताट मांडीवर घेऊन एकटी जेवते. कुणी बोलावलं तर म्हणते, "माका हयसरच बरा."

मामांनी हे पाहिलं आणि ठरवलं, सगळ्यांनी एकत्र जेवायचं मोठं टेबल करायचं. लाकूड होतं. वादळात परसातला जुना फणस पडला होता आणि त्याची चौदा इंच रुंदीची एक लांबलचक फळी त्यांनी मांगरात वाळत ठेवली होती. पण हाताने रंधा मारून मारून त्यांचा उजवा खांदा निकामी झालेला. तेव्हा रंध्याचं मशीन घ्यायचं. म्हणजे लांब लोखंडी टेबल, मधोमध गरगर फिरणारी पाती, वरून फळी ढकलायची की खालची बाजू सपाट होते. बारा इंची मशीन घेतलं तर फळी उभी चिरून पुन्हा जोडावी लागणार. अखंड ठेवायची तर सोळा इंची हवं, आणि ते म्हणजे घरात हत्ती बांधल्यासारखं. "फणस एक, फळी एक. मधी करवत घालूची नाय," मामा म्हणाले, आणि तरीही त्यांचं ठरेना. म्हणून त्यांनी कुटुंबातल्या विद्वानाला, म्हणजे मला, सावंतवाडीहून बोलावून घेतलं.

मी कॉमर्सला आहे. मशीनबद्दल मला एवढंच माहीत की ते बटणावर चालतं. "माका म्हायत नाय" हे तीन शब्द म्हटले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. ते न म्हणता मी तक्ता तयार केला. वजन, मोटर, पाती, रंग, प्रत्येकाला गुण. बेरीज केली तर दोन्ही मशीनना एकाहत्तर. मामी म्हणाली, "दोघांकय सारकेच? मगे एकान दुसऱ्याचा बघून लिवल्यान असतला."

मग आम्ही कुडाळला एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "घरी सिंगल फेज आहे की थ्री फेज?" मामांनी अभिमानाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कुठलंही चालेल." त्यानंतर दुकानदार माझ्याशी बोलला नाही.

शेवटी देवाला कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे मोठा निर्णय देवावर सोपवतात. देवाच्या अंगाला दोन बाजूंनी कळ्या चिकटवतात, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यात काय सांगायचं ते मी कागदावर लिहून दिलं. मानकऱ्यांनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक लाकूड घासूचा मशीन घेवचा आसा, म्हाराजा!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" "मोटर तीन हॉर्सपावरची, म्हाराजा!" "होय म्हाराजा!" पुढे मी सवयीने पर्याय घातले होते: अ, बारा इंची, ब, सोळा इंची, क, दोन्ही, ड, यापैकी नाही. अर्धा तास झाला तरी एकही कळी पडली नाही. गुरव माझ्याकडे वळला. "देवाक एका येळेक एकच इचारूचा असता रे. कॉलेजात शिकवणत नाय?"

परतताना मामा माझ्यावर रागावले नाहीत. उलट म्हणाले, "पोरान अभ्यास चांगलो केल्यान हां." ते ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. त्या वर्षीची चतुर्थी गेली, मामी स्टुलावरच जेवली. मी आणखी कॅटलॉग मागवले. पुढचीही तशीच गेली. मोदक वाढायला मी स्वयंपाकघरात गेलो, तशी तिने मांडीवरचं ताट पदराने झाकलं. मला यातलं काही कळत नाही, हे तेव्हाच कबूल करावं असं वाटलं. नाही केलं.

यंदा परीक्षा असल्याचं सांगून मी चतुर्थीला गेलोच नाही. परीक्षा होती, पण जाता आलं असतं. विसर्जनानंतर चार दिवसांनी मामीचा फोन आला.

"टेबल झाला रे," ती म्हणाली.

"मशीन घेतलं? कुठलं?"

"खंयचा मशीन! फळी रिक्षात घालून लाकडाच्या गिरणीत नेल्यानी. तेंच्याकडे मोठा मशीन आसा. धा मिंटां लागली. ह्यांची चाय पिवन होयसर फळी गुळगुळीत."

"मधे चिरली नाही ना?"

"नाय. अखंड आसा. मी खुर्चेर बसलंय, सगळ्यांच्या मधी. धाकट्या नातीन माझ्याच ताटातलो मोदक पळवल्यान." मग तिने आवाज खाली आणला. "तुका सांगू नको म्हणालेत. दोन वर्षां खपलो पोरगो, तेका वाईट वाटात म्हणाले."

रविवारी दुपारी मामांचा नेहमीसारखा फोन आला. "काय रे, काय ठरलां? बारा बरा काय सोळा?"

मी म्हणालो, "बघतंय मामा. अजून एक कॅटलॉग येवचो आसा."

"बघ, बघ. घाई नको," मामा म्हणाले, आणि त्यांच्या मागे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दुसरी.