मुठीएवढी इंजिनं

बोटीवरची नोकरी सुटली आणि आमच्या ह्यांना खेळण्यातल्या विमानांच्या जुन्या इंजिनांचं खूळ लागलं. मिरकरवाड्यात मासळीवर बोली लागते, तशी हे मोबाइलवर लावायचे. आतलं वंगणाचं एरंडेल सुकून घट्ट बसलेलं इंजिन माझ्या भाकरीच्या तव्यावर तापवून मोकळं करायचे. घरभर वास. विमान मात्र एकही उडवलं नाही. विकणाऱ्या बहुतेक बायकाच असायच्या. ‘नवरा वारला, सामान काढायचंय,’ असं कुणी लिहिलेलं दिसलं की हे खूश.

आता ह्यांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत. काल मी इंजिनांचं कपाट उघडलं आणि म्हटलं, “हे विकायला कसं टाकायचं, ते दाखवून ठेवा.”

त्यांनी सगळं दाखवलं. मग म्हणाले, “नवरा गेला, असं लिहू नकोस. भाव पाडतात.”