बदलून आलेला नवरा

मार्गासनीत आमच्या शेजारी एक बाई राहतात. भाकऱ्या थापताना त्यांचा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकून उभा असतो आणि त्यावर एक मालिका चालू असते. तिच्यातला अंतराळवीर पृथ्वीवर परत येतो, पण तो दुसऱ्याच कुठल्या जगातून अदलाबदलीत आलेला असतो. बाईंचा विज्ञानावर एवढा विश्वास, की ग्रहणात त्या पाणीसुद्धा पीत नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांचे यजमान दुबईतली क्रेन चालवायची नोकरी संपवून परतले. पूर्वी मीठ कमी पडलं की ताट थेट अंगणात यायचं, त्यामुळे शेजारी आज काय भाजी, हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. आता ते स्वतः चहा करत होते, वर कपही विसळून ठेवत होते.

बाई कुंपणापाशी येऊन कुजबुजल्या, "ह्यो आमचा न्हाईच. माणूस बदलून आलाय."

"मग तपासून बघा की," मी म्हटलं.

त्यांनी त्याच दुपारी भाजीत मीठच घातलं नाही. शेजारधर्म म्हणून मीही हातातलं काम टाकून कुंपणाशी उभी राहिले. ताट काही बाहेर आलं नाही. थोड्या वेळानं बाई आल्या, त्या पदरानं डोळे पुसत.

"गुमान जेवलं. वर म्हनलं, तू बी बस की जेवायला."

"मग आता काय करणार?"

"काय करायचंय? खरा तिकडं आसंल, तर ऱ्हाऊ द्या तिकडंच. तुमी फकस्त कुनाला बोलू नका."